बीबींचं वय, आपांचा निरोप

आमच्या घरात कुठलीही बातमी सरळ आत येत नसे. आधी उंबरठ्यावर तिची झडती व्हायची.

"दूध उतू गेलं," असं मी म्हटलं तरी आमचे मास्तर विचारणार, "तू पाह्यलं का ऐकलं?" मास्तर म्हणजे माझा नवरा. वरवट बकालच्या उर्दू शाळेत ते शिकवत. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही मास्तरच म्हणायला लागले. सोनाळ्याहून लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, हा माणूस माझ्यावर संशय घेतो. पुढे कळलं की ते सगळ्यांवरच घेतात, मग मला बरं वाटलं.

या सवयीचं मूळ त्यांच्या पुस्तकांत होतं. वडिलांकडून आलेली जाडजूड उर्दू पुस्तकं फडताळात एका ओळीत होती. पैगंबरांच्या काळातल्या हकिकती त्यांत होत्या, आणि प्रत्येक हकिकतीच्या आधी ती सांगणाऱ्यांची साखळी. अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, त्यानं आणखी कुणाकडून. अशा सांगणाऱ्याला रावी म्हणतात. हा रावी खरं बोलणारा होता का, त्याची आठवण धड होती का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो कधी भेटला तरी होता का, हे जुन्या जाणकारांनी एकेकाचं तपासून ठेवलेलं. मास्तरांना ही रीत इतकी आवडली होती की त्यांनी ती गावालाही लावली. एकदा सातपुड्यातून वाघ उतरलाय म्हणून ओट्यावर गलका झाला. मास्तरांनी एकेकाला विचारत विचारत त्या वाघाचा तडस केला, आणि दिवेलागणीपर्यंत तडसाचा कुत्रा. लोक हिरमुसून घरी गेले.

घरात आम्ही तिघं. मास्तर, मी आणि मास्तरांची मोठी बहीण. त्यांना मी आपा म्हणायची आणि त्या मला दुल्हन. आम्ही घरात उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी बोलत असू. इथे ती वऱ्हाडीतच लिहिते, कारण माझी शाळा मराठी आणि माझी लेखणीही तीच. मास्तर लहान असताना त्यांची आई गेली. आपांनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. पुढे आपांचं लग्न झालं, पण नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. त्या माहेरी परत आल्या आणि रडत बसण्याऐवजी मिरचीचा धंदा मांडला. संग्रामपूरच्या बाजारातून वाळलेली मिरची आणायची, अंगणात पुन्हा ऊन द्यायचं, देठ खुडायचे, कांडायची आणि तिखट आठवडी बाजारांत पाठवायचं. आमच्या घरी आलेला पाहुणा आधी शिंकायचा, मग सलाम करायचा.

तिखटाची पोती बाजारात न्यायला एक बंडीवाला, म्हणजे बैलगाडीवाला, होता. आपांपेक्षा वयानं बराच लहान. धाकट्या भावांचे संसार उभे करता करता त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलेलं. बोलणं कमी, आणि हिशेबाला इतका चोख की आपांनी कधी त्याच्यामागे माणूस लावला नाही. आला की आधी बैलांना पाणी दाखवायचा, मग स्वतः प्यायचा. हे आपांनीच मला एकदा सांगितलं होतं, आणि ज्या तऱ्हेनं सांगितलं त्यावरून मला समजायला हवं होतं. पण मी तेव्हा नवी होते, आणि माझं सगळं लक्ष डोळ्यांत गेलेल्या तिखटाकडे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळीनंतरचे दिवस. अंगणभर लाल मिरची पसरलेली, आणि आपा देठ खुडता खुडता मान वर न करता म्हणाल्या, "दुल्हन, मी त्याले निरोप धाडला."

"कोणाले?"

"बंडीवाल्याले. बांगडीवाल्या बुढीच्या हाती. म्हटलं, तुले चालत असन तं माह्यासंग निकाह कर."

माझ्या हातातली मिरची खाली पडली. "मग?"

"तो हाव म्हणते." आणि आपा लाजल्या. त्या बाईला लाजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पण भावाच्या हाव शिवाय मी हा उंबरठा वलांडत नाई. त्याले मी वाढवलं. त्याचं तोंड पडलं तं मले तो संसार गोड लागन काय? तू सांग त्याले."

मी त्याच दुपारी सांगितलं, सगळंच सांगितलं. मास्तर जेवत होते. घास तसाच धरून ते म्हणाले, "तो लहान हाय तिच्याहून." एवढंच. पुढे जेवले नाहीत.

आता आमच्या लोकांत याला एक तयार उत्तर आहे. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी, ज्यांना आम्ही आदरानं बीबी म्हणतो, त्या विधवा होत्या आणि मक्केत त्यांचा मोठा व्यापार होता. पैगंबर तरुणपणी त्यांचा माल घेऊन दूर देशी गेले, त्यांची सचोटी बीबींना भावली आणि लग्न झालं. तेव्हा बीबी चाळीस वर्षांच्या आणि ते पंचवीसचे, असं आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. गावात बातमी फुटल्यावर दोन दिवस कुजबुज झाली, आणि तिसऱ्या दिवशी मशिदीच्या पेशइमामसाहेबांनी ती मिटवली. "बीबी चाळीसच्या आन् हुजूर पंचवीसचे. मग आपल्याले काय अडचण? मास्तर, मुबारक हो," ते म्हणाले. शेजारची पाटलीणकाकू दह्याचं भांडं घेऊन आली तीही म्हणाली, "भाभी, आमच्यात बाईचा पाट लागते तं तुमच्यात काऊन नाई? आन् तुमच्यात तं एवढी मोठी बाई होऊन गेली म्हणतात." सगळं गाव राजी. मी मनात शिऱ्याचा रवा भाजायलासुद्धा घेतला.

आणि मास्तर मशिदीतून घरी आले ते सरळ फडताळाकडे गेले. पुस्तकं उतरवून बाजेवर मांडत म्हणाले, "त्या चाळीसबद्दल मतभेद हाय."

मला इतका राग आला की मी रवा मनातल्या मनात जाळून टाकला. म्हटलं, "साऱ्या गावाले पटलं. तुमालेच काऊन नाई पटत?"

"गाव कुठं होतं तवा?" ते म्हणाले.

मग रोज शाळा सुटली की बाज नीमाखाली यायची आणि तपास सुरू व्हायचा. एका बाजूला मिरची, एका बाजूला मास्तर, मधूनमधून शिंका. मी देठ खुडत ऐकायची, कारण कान काही मिटता येत नाहीत. शिवाय, खरं सांगायचं तर, रागातसुद्धा मला त्यात गोडी वाटायला लागली होती. चाळीसची हकिकत फार प्रसिद्ध, पण ती ज्या जाणत्याच्या नावावर चालते तो पुष्कळ पिढ्यांनंतरचा, आणि त्याच्या सांगण्यावर जुन्या पारख्यांनी बोट ठेवलेलं. दुसरी एक हकिकत अठ्ठावीस सांगते. ती त्याच्याहून जुन्या चरित्रकाराच्या नावावर आहे, पण तिची साखळी मधेच तुटते. शिवाय लग्नानंतर बीबींना कितीतरी मुलं झाली. मुली चार यावर बहुतेकांचं एकमत, मुलगे किती यावर पुन्हा मतभेद. चाळीशीनंतर इतकी मुलं कशी होतील, असं अठ्ठावीसवाल्यांचं म्हणणं. आणि काही म्हणतात, जुने लोक पुरतं, पिकलं वय सांगायचं असलं की चाळीस म्हणून मोकळे व्हायचे.

"मंग खरं कोणतं?" मी विचारलं.

"अठ्ठावीसकडं मन जाते. पण खात्रीनं सांगता येत नाई."

"आन् तुमी हे मशिदीत सांगसान?"

"कोणी विचारलं तं सांगावं लागन."

पेशइमामसाहेब एकदा अंगणात आले, शिंकले, आणि हात जोडल्यासारखं करत म्हणाले, "मास्तर, चाळीसले हात लावू नका. लोकाईले त्याचा आधार हाय. तुमच्याच बहिणीले हाय." मास्तर म्हणाले, "आधार खरा पाहिजे, साहेब." पेशइमामसाहेब माझ्याकडे पाहू लागले. मी मिरचीकडे पाहू लागले. माझ्या मनात काय चाललं होतं ते त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

गावात आता उलटी चर्चा सुरू झाली. मास्तरांना बहिणीचं लग्न मोडायचंय म्हणून पुस्तकं काढली, असं बायका विहिरीवर बोलायच्या. मला वाईट वाटायचं, कारण नवरा कसा आहे हे मला माहीत होतं. ते मोडण्यासाठी खोटं बोलले नसते, आणि जोडण्यासाठीही बोलले नसते. असा माणूस दुसऱ्याच्या घरात असला की त्याचं फार कौतुक वाटतं.

आपा मात्र एक शब्द बोलत नव्हत्या. फक्त बंडीवाला आला की आतल्या खोलीत जायच्या आणि पोती उचलायला मला पाठवायच्या. पूर्वी त्या स्वतः दारात उभ्या राहायच्या. एका संध्याकाळी मी न राहवून म्हटलं, "आपा, तुमी तरी बोला त्याईले." त्या म्हणाल्या, "माह्यासाठी तो खोटं बोलला तं मी त्याले वाढवलं ते वायाच गेलं." पण हे म्हणताना तिखटाचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले.

त्या दिवशी मी मास्तरांना गाठलंच. म्हटलं, "बीबींचं वय राहू द्या. आपांचं वय किती?"

"चाळीस."

"कोणी सांगतलं?"

त्यांनी पुस्तकातून मान वर केली. मग म्हणाले, "अब्बा सांगत."

"अब्बाईनं लिहून ठेवलं होतं काय?"

"नाई. टोळधाड आली त्या सालची म्हणत."

"तुमची चुलती तं म्हणे, नदीनं मळा खरडून नेला त्या सालची. टोळधाड आधी का पूर आधी?"

आमच्याकडे तेव्हा कुणाचंच वय कुणाला धड माहीत नसे. माझं स्वतःचं शाळेत गुरुजींनी माझ्या उंचीवरून लिहिलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे घरातल्या बाईचं वय तुमाले ठाव नाई, बंडीवाल्याचं त्याच्या मायले ठाव नाई, आन् तुमी मक्केतल्या वयाचा निकाल लावून राह्यले. खरी गोष्ट सांगा. तुमाले वयाचं दुखते का दुसरंच काई दुखते?"

मास्तर बराच वेळ पुस्तकाच्या कडेवरचं तिखट बोटानं झटकत राहिले. मग इतकं हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"निरोप तिनं काऊन धाडला? मी मेलो होतो काय? मले म्हणली असती तं मी गेलो असतो, बोललो असतो. नाई तं त्याच्या घरून कोणी आलं असतं, रीतीनं. भाऊ घरात बसला असून बहीण आपल्या तोंडानं मांगणं घालते, हे लोक मले हासतीन का नाई?"

तर हे होतं. वय नव्हतंच. इतके दिवस हा माणूस दुसऱ्यांच्या साखळ्या तपासत होता आणि स्वतःच्या मनातली गाठ तेवढी झाकून होता. मला राग यायला हवा होता, पण मला त्यांची दया आली. लहानपणी ज्या बाईनं ह्यांना विचारल्याशिवाय पाणीही पाजलं नाही, तिनं आपल्याला न विचारता एवढं मोठं पाऊल टाकलं, हे त्या पोराला लागलं होतं. मी म्हटलं, "हासणारे हासतीन. तुमी तिच्यावर रुसले, एवढंच सांगा तिले." ते म्हणाले, "रुसलो नाई." आणि रुसून बसले.

त्यानंतरच्या रविवारी आपा स्वतः मिरची घ्यायला संग्रामपूरला गेल्या, बंडी अर्थात त्याचीच. दुपारी मी अंगणात होते, मास्तर बाजेवर. वयाच्या दोन हकिकती शेवटच्या एकदा समोरासमोर ठेवून पाहतो म्हणाले आणि मोठ्यानं वाचायला लागले. तेच जे मी इतके दिवस ऐकत होते. आधी व्यापार, मग माल घेऊन गेलेला तो तरुण, मग त्याचं परत येणं, त्याच्या सचोटीची कीर्ती. "आणि बीबींनी त्यांच्याकडे निरोप..."

मास्तर थांबले.

मला वाटलं शिंक येतेय. ती आली नाही. त्यांनी दुसरं पुस्तक ओढलं, पान शोधलं, ओठांतल्या ओठांत वाचलं. मग तिसरं. बोट एका ओळीवर ठेवून ते नीमाच्या झाडाकडे बघत बसले. माझी जीभ किती लांब आहे हे आत्तापर्यंत वाचणाऱ्यांना कळलंच असेल. पण त्या वेळी मी एक शब्द बोलले नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मग तेच म्हणाले, "एकात हाय की एका मैत्रिणीच्या हाती निरोप धाडला. दुसऱ्यात हाय की सोताच बोलल्या. पण धाडला त्याईनंच. ह्यात कोणाचाच मतभेद नाई." मग पानावरून बोट न काढता म्हणाले, "मी हे पोरपणापासून वाचून राह्यलो."

"हाव," मी म्हटलं.

"शाळेतल्या पोराईले शिकवतो."

"हाव."

त्यांनी पुस्तकं मिटली. एकेकावरचं तिखट फडक्यानं पुसून फडताळात परत लावली, आणि टोपी घालून निघाले. मी विचारलं, कुठे. म्हणाले, "संग्रामपूरच्या रस्त्यानं जातो. आपा येऊन राह्यली असन." पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, आपांकडून ऐकलं. रावी भरवशाची आहे म्हणून सांगते. मास्तर वाटेत उभे होते. बंडी थांबली. आपा मागे मिरचीच्या पोत्यांवर, बंडीवाला पुढे, दोघंही घाबरलेले. मास्तर बंडीत चढले आणि बंडीवाल्याच्या शेजारी बसले. गाव जवळ आल्यावर त्याला म्हणाले, "माह्या बहिणीनं तुले काई विचारलं होतं. तिच्या भावालेही हाव म्हणाचं हाय, तेवढं सांगाले आलो." मग मागे वळून आपांना म्हणाले, "मले आधी सांगतलं असतं तं मी नाई म्हटलं असतं काय?" आपा म्हणाल्या, "तू साखळी पाह्यली असती, बाबू. तोवर मी बुढी झाली असती." तिघंही हसले म्हणतात. दारात बंडी आली तेव्हा मास्तरांचे डोळे लाल होते, पण पोत्यांजवळ बसून आलेल्या माणसाचं त्याबाबतीत काही सांगता येत नाही.

शुक्रवारी नमाजानंतर मशिदीबाहेर लोकांनी विचारलंच. मास्तरांनी घोळ घातला नाही. वय चाळीसही सांगतात, अठ्ठावीसही सांगतात, माझं मन दुसरीकडे झुकतं पण मी खात्री देत नाही, असं साफ म्हणाले. पेशइमामसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग मास्तर म्हणाले की ज्यावर सगळे रावी एक आहेत ते आपण कधी मोठ्यानं बोलतच नाही. विचारणं बीबींकडून आलं होतं. आणि ज्यांना विचारलं त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. हे मला पाटलीणकाकूच्या नवऱ्यानं सांगितलं, तो चौकात बसून ऐकत होता.

निकाह आमच्याच अंगणात झाला. मिरची उचलून जागा केली होती, तरी सगळं लग्न शिंकत होतं. काकूनं दह्याचं मोठं पातेलं पाठवलं. रवा मी या वेळी खरोखरचा भाजला आणि तो जळला नाही. आपा आतल्या खोलीत, पडद्याआड, मी त्यांच्याजवळ. मास्तर आत येऊन त्यांची संमती विचारून गेले. आपा पटकन हो म्हणाल्या, नवरीनं म्हणायला हवं त्यापेक्षा फारच पटकन.

मग बाहेर पेशइमामसाहेब वही भरायला बसले. नवऱ्याचं वय अंदाजानं लिहिलं. आणि मग लेखणी वर धरून, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "दुल्हनची उमर किती लिहू?"

सगळे मास्तरांकडे पाहायला लागले. पडद्यामागे आपांनी माझा हात घट्ट धरला.

मास्तरांनी नेहमीसारखा थोडा विचार केला. मग म्हणाले, "उमरीबद्दल मतभेद हाय. राजीखुशीबद्दल नाई. साहेब, तुमाले जे शोभन ते लिहा."

आधी बंडीवाला हसला, मग पेशइमामसाहेब, मग सगळं अंगण. आणि पडद्यामागे, लाल ओढणीच्या आत, आमच्या आपा इतक्या हसल्या की मला त्यांना पाणी द्यावं लागलं.